अण्णांना गजकर्णासाठी इट्राकोनाझोल दिलंय, बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आधीपासून चालू आहेत, एकत्र चालेल का?

मेघा_सांगली

नमस्कार मंडळी, प्रश्न अण्णांबद्दल आहे, म्हणजे माझे वडील, वय ६६. गणपतीच्या आधीपासून त्यांना जांघेत आणि कंबरेभोवती गजकर्ण झालंय. शेती उसाची, रात्रीची लाईट असली की पाणी पाजायला जावंच लागतं, मग ओली विजार तासन्‌तास अंगावर आणि वरून घाम. सुरुवातीला गावातल्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली, लावल्यावर खाज लगेच गेली, लाली गेली, अण्णा खूश. ट्यूब थांबवली की परत सुरू, आणि आधीपेक्षा मोठं. असं करत करत आता पाठीवर आणि मांडीच्या मागे पण आलंय, आणि पूर्वी कशी गोल कडा स्पष्ट दिसायची तशी आता दिसत नाही, नुसतं काळपट-लालसर पसरलंय.

आता तालुक्याच्या डॉक्टरांनी बुरशीसाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल आणि ल्युलिकोनाझोलची क्रीम लिहून दिलीय. पण बाकी कोणत्या गोळ्या चालू आहेत हे तिथे विचारलं गेलं नाही, आणि अण्णा आपणहून काही सांगणाऱ्यातले नाहीत. त्यांना बीपीला अमलोडिपिन आहे, कोलेस्टेरॉलला अटोरवास्टॅटिन, शुगरला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, आणि रोज सकाळी उपाशीपोटी अॅसिडिटीची कॅप्सूल, पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोन. कॅप्सूलच्या खोक्यातला कागद मी वाचत बसले तर त्यात ही नावं एकामागून एक सापडायला लागली, मग धाबं दणाणलं आणि मी कॅप्सूल अजून सुरूच केल्या नाहीत.

आईचं म्हणणं वेगळंच, ती म्हणते या गोळ्या लिव्हर खातात, चार दिवस घ्यायच्या आणि बरं वाटलं की बंद. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, अण्णा रात्र-रात्र खाजवत बसतात, बघवत नाही.

फार्मासिस्ट_सातारा

मेघाताई, कागद वाचलात आणि थांबलात हे फार चांगलं केलंत. मी मेडिकल दुकानात बसतो, त्यामुळे या विषयावर जरा लांबच लिहितोय.

आधी त्या पहिल्या ट्यूबबद्दल. ती रिकामी ट्यूब घरात असेल तर शोधा आणि तिच्यावरची घटकांची यादी वाचा. त्यात क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन, मोमेटासोन यातलं काहीही असेल तर ते स्टेरॉइड आहे. अशा ट्यूबमध्ये एक बुरशीचं औषध, एक-दोन अँटिबायोटिक आणि एक कडक स्टेरॉइड असं सगळं कोंबलेलं असतं. स्टेरॉइड सूज आणि खाज दाबतं म्हणून दोन दिवसांत जादू झाल्यासारखी वाटते, पण त्याच वेळी त्या जागेची प्रतिकारशक्ती पण दबते आणि बुरशी आत निवांत पसरते. कडा दिसेनाशी झाली म्हणता ना, ते त्याचंच लक्षण वाटतं. जांघेत हे जास्त दिवस लावलं तर कातडी पातळ होते, लालसर पट्टे उमटतात, आणि ते पट्टे नंतर जात नाहीत.

२०१८ साली सरकारने क्लोबेटासॉलसारखी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. तरी काउंटरवर रोज कुणी ना कुणी येऊन म्हणतं "खाजेची ट्यूब द्या, मागच्या वेळची, लगेच थंड पडतं ती". आम्ही नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात. मी तरी देत नाही, आणि का देत नाही ते सांगायला पाच मिनिटं घालवतो, गिऱ्हाईक चिडलं तरी.

आता गोळ्यांचं. तुमच्या यादीत मला सगळ्यात जास्त खटकली ती सकाळची अॅसिडिटीची कॅप्सूल. त्यातलं डॉम्पेरिडोन आणि इट्राकोनाझोल एकत्र घ्यायचंच नाही, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि त्याच कॅप्सूलमधलं पॅन्टोप्राझोल पोटातलं अॅसिड कमी करतं, तर इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलला विरघळायला अॅसिडच लागतं. म्हणजे एका बाजूला धोका आणि दुसऱ्या बाजूला औषध अंगी लागत नाही. आपल्याकडे ही अॅसिडिटीची कॅप्सूल लोक वर्षानुवर्षं सकाळच्या चहासारखी घेतात आणि तिला औषध म्हणून मोजतच नाहीत, डॉक्टरांनी "काही चालू आहे का" विचारलं तरी बीपी-शुगर सांगतात, ही सांगत नाहीत.

अटोरवास्टॅटिनचं प्रमाण पण इट्राकोनाझोलमुळे रक्तात वाढतं. अंग-मांड्या दुखणं, अशक्तपणा, लघवी कोकमासारखी गडद होणं, असं झालं तर स्नायूंना इजा होतेय असं समजायचं. सिमवास्टॅटिन किंवा लोवास्टॅटिन असतं तर इट्राकोनाझोल सरळ नाहीच म्हटलं असतं. अटोरवास्टॅटिनला डॉक्टर बहुतेक वेळा तेवढ्यापुरतं थांबवतात, डोस कमी करतात किंवा रोसुवास्टॅटिनवर नेतात. पण हे त्यांनी ठरवायचं. तुम्ही घरी बसून यातली कुठलीच गोळी बंद करू नका, बीपीची तर अजिबात नाही.

उद्याच सगळ्या पट्ट्या, अगदी पॅरासिटामॉल आणि आयुर्वेदिक चूर्णाचा डबा सुद्धा, एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. नावं तोंडी सांगण्यात गडबड होते, पट्ट्या खोटं बोलत नाहीत.

त्वचारोग_ओपीडी

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. वरचं सगळं बरोबर आहे, त्यात थोडी भर घालते. इथे न तपासता उपचार सांगता येत नाही, पण अण्णांना नेताना काय विचारायचं ते सांगू शकते.

पहिली गोष्ट, हार्ट. अण्णांना कधी धाप लागते का, पायावर सूज येते का, टू-डी इको झाला असेल तर पंपिंग कमी आहे असं कुणी सांगितलंय का, हे नक्की सांगा. ज्यांचं पंपिंग कमी आहे त्यांना त्वचेच्या बुरशीसाठी इट्राकोनाझोल आम्ही देत नाही, ते हृदयाचा जोर आणखी कमी करू शकतं. अमलोडिपिनसोबत पायावर सूज वाढू शकते, बीपी जास्त खाली येऊ शकतं. म्हणून गोळी सुरू झाल्यावर पाय सुजले, वजन झपाट्याने वाढलं, रात्री आडवं झाल्यावर दम लागला तर वाट बघू नका.

दुसरं, शुगर. ग्लिमेपिराइडचा खरा खटका फ्लुकोनाझोल या दुसऱ्या बुरशीच्या गोळीशी आहे, त्याने शुगर एकदम खाली जाऊ शकते, घाम, थरथर, चक्कर. इट्राकोनाझोलसोबत तेवढं होत नाही तरी घरी ग्लुकोमीटर असेल तर पहिले काही दिवस तपासत रहा. हे अशासाठी सांगते की काही ठिकाणी "इट्रा महाग पडते, मग आठवड्याला एक फ्लुकोनाझोल घ्या" असा बदल परस्पर केला जातो. तो बदल पण औषधांची यादी बघूनच व्हायला हवा. आणि रक्त पातळ करायची गोळी, म्हणजे वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल, घेणाऱ्यांनी तर या सगळ्या गटापासून जपून राहायचं, तोंडात लावायच्या मायकोनाझोल जेलने सुद्धा त्यांना रक्तस्राव होऊ शकतो.

तिसरं, लिव्हर. आईंची भीती निराधार नाही, पण चार दिवसांत बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही. सुरू करायच्या आधी लिव्हरची रक्त तपासणी, आणि कोर्स महिन्याच्या पुढे गेला तर पुन्हा एकदा, एवढं केलं की बऱ्यापैकी निर्धास्त राहता येतं. मधल्या काळात भूक मेली, मळमळ थांबेना, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर गोळी थांबवून लगेच दाखवायचं. दारू या काळात पूर्ण बंद, "थोडीशी" सुद्धा नाही.

चौथं, इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरल्या जेवणानंतर लगेच घ्यायची, उपाशीपोटी नाही, आणि उघडून पाण्यात कालवायची नाही. अॅसिडिटीसाठी पांढरं लिक्विड लागलंच तर दोन तासांचं अंतर ठेवा. कोर्स संपला तरी औषध एक ते दोन आठवडे अंगात रेंगाळतं, म्हणून थांबवलेली कोलेस्टेरॉलची किंवा अॅसिडिटीची गोळी दुसऱ्या दिवशी लगेच सुरू करू नका, तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे हट्टी का झालंय? पूर्वी टर्बिनाफिन हे बुरशीचं औषध दोन आठवडे दिलं की गजकर्ण जायचं. आता आपल्याकडे जी बुरशी जास्त सापडते तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव २०२० साली मिळालं, जपानमध्ये भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या त्वचेतून ती वेगळी काढली होती. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या एन्झाइमला अडवतं त्याच एन्झाइमच्या जीनमध्ये हिच्यात बदल झालेले असतात, त्यामुळे बऱ्याच जणांना टर्बिनाफिनचा गुण येत नाही. म्हणूनच इट्राकोनाझोल जास्त वापरावं लागतं, आणि म्हणूनच ते अर्धवट घेऊन वाया घालवायचं नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना चार ते आठ आठवडे लागतात, स्टेरॉइड लावून आलेल्यांना त्याहून जास्त. किती दिवस ते कॅलेंडर बघून ठरत नाही, चट्टा पूर्ण सपाट होऊन खवले गेल्यावर मी ठरवते.

क्रीम चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावा, कारण बुरशी कडेनेच पुढे सरकते, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे लावत रहा. शक्य असेल तर औषध सुरू करायच्या आधी केओएच तपासणी करून घ्या. चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून काचेवर घेतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात, खर्च फार नसतो, दुखत नाही, आणि हे खरंच गजकर्ण आहे की एक्झिमा-सोरायसिस हे कळतं.

डोंबिवलीची_नीता

आमच्या घरात हे चौघांना झालं होतं, सासूबाई, मी आणि दोन्ही मुलं, लोकलचा घाम आणि पावसाळ्यात न वाळणारे कपडे. औषध प्रत्येकाला वेगळं लिहून दिलं होतं पण ज्या डॉक्टरबाईंकडे शेवटी गुण आला त्यांनी पहिल्यांदा विचारलं "घरात आणखी कुणाला आहे? सगळ्यांना एकदम घेऊन या". एकाचं बरं होतं तोवर दुसऱ्याकडून परत येतं, हे त्यांनी समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

मेघाताई, कपड्यांचं सांगते कारण ते पुरुषमाणसं ऐकत नाहीत. अण्णांचे कपडे, टॉवेल, चादर वेगळे भिजवा, गरम पाण्यातून काढा, उलटे करून कडक उन्हात वाळवा, आणि ऊन नसेल तर शिवणीवर आणि इलॅस्टिकवर गरम इस्त्री फिरवा. गळून पडलेल्या खवल्यात बुरशी महिनोन्‌महिने जिवंत राहते म्हणे. शेतातून आल्यावर ओली विजार आधी काढायची, अंग पुसून कोरडं करायचं, मग चहा. नायलॉनच्या पँटी बंद, सुती सैल.

आणि एक, अण्णांच्या कमरेला करगोटा आहे का? आमच्या डॉक्टरबाईंनी मुलाचा करगोटा बघितल्या बघितल्या काढायला लावला. सतत ओला, त्याच्याखालीच गोल पट्टा उठला होता. सासूबाई आधी नाराज झाल्या, काळा दोरा काढायचा म्हणजे नजर लागेल वगैरे, मग त्यांनीच तो देवापुढे ठेवला आणि म्हणाल्या बरा झाल्यावर नवीन बांधू. मनगटावरच्या गंड्यांचं पण तेच.

तात्या_पन्हाळा

मेघा पोरी, एवढ्या गोळ्यांचं जंजाळ वाचून मला तरी वाटतं आधी टाकळा करून बघावा. आमच्याकडे पहिला पाऊस पडला की टाकळा उगवतो, त्याची भाजी खातात, आणि पाला-बिया ताकात वाटून गजकर्णाला लावतात. आयुर्वेदात त्याला दद्रुघ्न म्हणजे गजकर्ण घालवणारा असंच म्हटलंय. माझ्या वडिलांनी गावातल्या कितीतरी जणांना दिलाय.

त्वचारोग_ओपीडी

तात्या, टाकळ्याला नाव ठेवायचं माझं काम नाही, लहान एका चट्ट्यावर पूर्वी लोकांना गुण आला असेल. पण अण्णांचं आता जांघ, कंबर, पाठ, मांडी असं पसरलंय, कातडी स्टेरॉइडने आधीच पातळ झालीय आणि त्यांना शुगर आहे. अशा कातडीवर काहीही वाटून लावलं तर भाजल्यासारखं होतं आणि मग त्यात जंतू शिरतात. लसूण, लिंबू, चुना, अगदी बॅटरीतलं पाणी लावून आलेले लोक मी बघितलेत, जखम भरेपर्यंत बुरशीचा उपचार पण लांबतो. शुगर असलेल्या माणसाच्या जांघेत जखम नको.

तात्या_पन्हाळा

पटलं डॉक्टर. शुगरचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. भाजी खायला हरकत नाही ना मग?

त्वचारोग_ओपीडी

भाजी खुशाल खा तात्या.

जर्सीकर_सचिन

आम्ही न्यू जर्सीत असतो, इथलं सांगतो कारण इथल्या मराठी घरांत पण हेच चालू आहे. सुट्टीला भारतात गेलं की लोक येताना बॅगेत पाच-सहा "खाजेच्या ट्यूब" घेऊन येतात, कारण इथे दुकानात चिठ्ठीशिवाय क्लोट्रिमाझोल, टर्बिनाफिनची क्रीम मिळते पण कडक स्टेरॉइड मिळत नाही, फक्त सौम्य हायड्रोकॉर्टिसोन. मग इथल्या डॉक्टरकडे जातात तेव्हा चट्टा ओळखूच येत नाही, एक्झिमा समजून वरून आणखी स्टेरॉइड लिहून दिलं जातं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इंडोटिनीच्या पहिल्या दोन केसेस सीडीसीने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, जाहीर केल्या, तेव्हापासून इथले त्वचेचे डॉक्टर जास्त सावध झालेत. परदेशात असाल आणि टर्बिनाफिनने गुण येत नसेल तर डॉक्टरांना "मी भारतात जाऊन आलोय" आणि "अमुक ट्यूब लावली होती" ही दोन वाक्यं आधी सांगा, त्यांना लगेच दिशा मिळते. ट्यूब फेकून देऊ नका, दाखवायला न्या.

मेघा_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. फार्मासिस्ट दादांनी सांगितलं तसं पिशवी भरून अण्णांना सांगलीत त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. पिशवीत ती जुनी ट्यूब पण सापडली, त्यावर क्लोबेटासॉल लिहिलेलंच होतं. केओएच केली, बुरशी निघाली. लिव्हरची आणि क्रिएटिनिनची (किडनीची) तपासणी झाली, ईसीजी काढला, अण्णांना धाप वगैरे नाही. मग अॅसिडिटीची कॅप्सूल पूर्ण बंद करायला सांगितली, त्याऐवजी रात्री मसालेदार कमी आणि जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. अटोरवास्टॅटिन कोर्स संपून दोन आठवडे होईपर्यंत थांबवलं, तारीख चिठ्ठीवर लिहून दिली. बीपीची गोळी तीच, पण घरी बीपी मोजून वहीत लिहायचं आणि रोज संध्याकाळी घोट्यावर अंगठा दाबून खड्डा पडतो का बघायचं, ते काम आईने स्वतःकडे घेतलंय. इट्राकोनाझोल दुपारच्या जेवणानंतर, कारण रात्री अण्णा शेतावर असले की जेवणाची वेळ नक्की नसते, डॉक्टरांनी तेवढं पण विचारून घेतलं.

आईला लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आलेला दाखवला आणि परत कधी काढायचा ते सांगितलं, तेव्हा ती तयार झाली. करगोटा होता, नीताताई, अण्णांनी कुरकुर न करता काढला.

आणखी एकच विचारायचंय. वहिनीला पाचवा महिना चालू आहे आणि तिच्या पोटाखाली रुपयाएवढा चट्टा दिसतोय. अण्णांच्याच क्रीममधली थोडी लावली तर चालेल का? कॅप्सूल अर्थात देणार नाही.

त्वचारोग_ओपीडी

कॅप्सूल नाही हे अगदी बरोबर, गरोदरपणात गजकर्णासाठी पोटातून घ्यायची बुरशीची गोळी द्यायची नाही, इट्राकोनाझोल नाही आणि फ्लुकोनाझोलही नाही. अण्णांची क्रीम पण देऊ नका. तिच्यासाठी क्लोट्रिमाझोलसारखी गरोदरपणात बरीच वर्षं वापरात असलेली साधी क्रीम असते, ती तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून वेगळी घ्या, ट्यूबवर एकच घटक लिहिलेला आहे ना ते बघा. चट्टा एवढा लहान आहे तर क्रीमनेच भागेल. टॉवेल, चादर आणि कपडे धुवायची बादली अण्णांपासून आजपासून वेगळी करा, आणि बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना कुणी गोळी सुचवली तर पुन्हा विचारूनच घ्यायची.

मेघा_सांगली

ठीक आहे डॉक्टर, उद्या तिची सोनोग्राफी आहेच, तिथेच दाखवते. दोन आठवड्यांनी अण्णांचं कसं आहे ते इथे लिहीन.